एक्केचाळीस नंबरची नळी

१

"ललिते, तुले काय पाह्यजे?"

दहाव्याला पेढी नदीच्या काठावर बंडूनं हा प्रश्न मोठ्यानं विचारला. बहीण जाऊन दहा दिवस झाले होते. पळसाच्या पत्रावळीवर भात, ज्वारीची भाकर आणि पाटोडीचा रस्सा मांडला होता. समोरच्या बाभळीवर तीन कावळे होते. माना तिरक्या करून ते पत्रावळीकडे बघत होते आणि एकही खाली उतरत नव्हता.

उत्तर कोणी दिलं नाही. वचनं मात्र सगळ्यांनी दिली, आणि तीही बंडूच्या नावानं. मावशी म्हणाली, बंडूचं लग्न लावून देऊ. काका म्हणाले, बंडू आईला अंतर देणार नाही. जानरावमामानं तर बंडू दारू सोडील असंही कावळ्यांना सांगून टाकलं. बंडू दारू पीत नव्हता. मामा पीत होता.

मे महिन्याचं ऊन डोक्यावर आलं. रस्स्यावर साय धरली. गुरुजींनी दोनदा मोबाइलमध्ये वेळ पाहिली आणि दर्भाचा कावळा करायला घेतला. खरा कावळा शिवला नाही तर दर्भाचा शिववायचा, म्हणजे मेलेला माणूस मोकळा होतो. बंडूला आयुष्यात थांबणं कधी जमलं नव्हतं. सातवीतही तो पेपर अर्धा टाकून उठून आला होता. तो पत्रावळीशी गेला, भाकर रस्स्यात बुडवली आणि उभ्या उभ्या खाल्ली. भातही खाल्ला. पत्रावळीवर फक्त रस्स्याचा लाल ओघळ राहिला.

बायांनी तोंडाला पदर लावले. मामानं मानेवर एक ठेवून दिली.

"मेलेल्याचा घास खाते का रे कोणी, येड्या?"

"ती भुकी गेली," बंडू म्हणाला. "कोणीतरी खाल्लं पाह्यजे का नाई?"

गुरुजींनी दर्भाचा कावळा रिकाम्या पत्रावळीला शिववला आणि सामान आवरलं. बाभळीवरचे कावळे तरी गेले नाहीत. ते आता बंडूकडे बघत होते.

२

बंडूचं काम सोपं होतं. सोमवारी आणि गुरुवारी अमरावतीच्या केंद्रातून रक्ताच्या नळ्या घ्यायच्या, निळ्या पेटीत बर्फात ठेवायच्या, पेटी मोटरसायकलच्या मागे बांधायची आणि अकोल्याला पोचवायची. बडनेरा, मूर्तिजापूर, बोरगाव मंजू. सातला निघालं की दहाला अकोला. तिथं एका इमारतीच्या मागच्या बाजूला दोन खोल्या होत्या. पहिलीत चारुशीला मॅडम आणि त्यांची यंत्रं, दुसरीत एक मोठा फ्रीझर, माणसाच्या उंचीचा, अखंड घुमणारा.

हे सगळं कशासाठी, ते मॅडमनी त्याला एकदा सांगितलं होतं. आपण जे खातो त्याच्या, आणि पोटातल्या जंतूंच्याही, फार बारीक खुणा रक्तात सापडतात. त्यांना आरएनए म्हणतात. आपलं रक्त, पण खूण तुरीची, पालकाची, एखाद्या बुरशीची. ती खूण वाचता येते. काही शास्त्रज्ञ म्हणतात या खुणा खरंच जेवणातून येतात, काही म्हणतात ती प्रयोगशाळेतलीच धूळ. खरं काय ते शोधायचं, म्हणून लोकांचं रक्त गोळा करायचं.

"चिठ्ठी समज," मॅडम म्हणाल्या होत्या. "प्रत्येक घासानं रक्तात टाकलेली."

जानेवारीत बंडूनं ललितालाही केंद्रावर नेलं. ती त्याच्याहून दोन वर्षांनी मोठी. सुई बघून ती नर्सला म्हणाली, "मी काय खातो ते मलेच इचारा ना बाई, टोचता कायले?" तिची नळी एक्केचाळीस नंबरची. पंधरा दिवसांनी कागद आला, त्यावर तूर, ज्वारी, अंबाडी, पेरू, आणि खाली कपाशी. कपाशी वाचून ती खूप हसली. घरात सरकीचं तेल होतं, एवढंच.

एप्रिलच्या शेवटी तिच्या आतड्याला पीळ पडला. दवाखान्यात बारा दिवस सलाइनवर होती. तोंडानं काही द्यायचं नाही, असं डॉक्टरनं लिहून पलंगाला अडकवलं होतं. बाराही दिवस ती बंडूला म्हणाली, एक घास दे. बंडू अडखळत ती पाटी तिला वाचून दाखवायचा. एकदा तिनं त्याचं बोट धरून तोंडाशी नेलं आणि नुसतंच ओठात धरून ठेवलं.

तेराव्या दिवशी सकाळी ती गेली.

३

जूनमधल्या एका गुरुवारी बंडूनं पेटी टेबलावर ठेवली आणि मॅडमना विचारलं, माझ्या बहिणीचा कागद पुन्हा छापून मिळेल का. घरी तिचा फोटो होता, पण तो लग्नाच्या स्थळांसाठी काढलेला. त्यात ती भलतीच कोणी दिसत होती. तो कागद मात्र तिचा होता.

मॅडम फार बोलणाऱ्यातल्या नव्हत्या. कंटाळल्यासारख्या त्या म्हणाल्या, नवाच देते. यंत्र खोटं बोलत नाही ना हे बघायला दर महिन्याला काही जुन्या नळ्या परत वाचाव्या लागत. या महिन्यात त्यात एक्केचाळीस आली होती.

बंडूनं दारातच कागद वाचायला घेतला. त्याला वेळ लागला. तूर. ज्वारी. अंबाडी. पेरू. कपाशी. आंबा.

"मॅडम, आंबा?"

"हो, पाहिलं मी ते."

"रक्त तर जानेवारीत काढलं होतं."

मॅडमनी खांदे उडवले. रोहित, त्यांच्या हाताखालचा मुलगा, रोज डब्यात आंबा आणतो. त्याच्या हाताचं काहीतरी उडालं असेल. अशी मिसळ होते, म्हणूनच जग या कामावर हसतं. बोलता बोलता त्यांनी रोहितकडे असं पाहिलं की त्यानं आपली बोटं पँटला पुसली.

बंडूला पटलं. त्यानं कागद खिशात घातला. दुसऱ्या खोलीत पेटी रिकामी करताना त्याला एकच गोष्ट जाणवली. तो आत गेला आणि फ्रीझरची घुमघुम बंद पडली. खोली इतकी गप्प झाली की त्याला स्वतःचं गिळणं ऐकू आलं. मग यंत्र पुन्हा घुमायला लागलं.

आदल्या दिवशी त्यानं चार आंबे खाल्ले होते. पण त्या दिवसांत कोण खात नव्हतं?

४

जुलैमध्ये तरोटा उगवला. पावसाच्या सुरुवातीला बांधावर आपोआप येणारी ही भाजी, पंधरा दिवसांत निबर होते आणि मग गुरंही तोंड लावत नाहीत. रविवारी आईनं पहिली भाजी केली. आईचं नाव दुर्गाबाई. ललिता गेल्यापासून ती कमी बोलायची आणि जास्त वाढायची.

आंब्यामुळे मॅडमनी एक्केचाळीस पुन्हा वाचली होती; सोमवारच्या कागदावर तरोटा होता.

या वेळी मॅडमच गोंधळल्या होत्या. रोहितला तरोटा काय ते ठाऊकसुद्धा नव्हतं. मॅडम अकोल्यातच वाढलेल्या, वकिलाच्या घरातल्या. त्यांच्याकडे ही भाजी कधी शिजली नव्हती. त्यांनी यंत्राला दोष दिला, मग रसायनाला, मग यादीला. बंडू खुर्चीच्या पाठीला धरून उभा होता. काल कोणी तरोटा खाल्ला, हे त्या खोलीत एकालाच माहीत होतं.

दुसरा कोणी असता तर घरी जाऊन विचार करत बसला असता. बंडू थेट बाजारात गेला आणि ज्याला त्यानं जन्मात कधी हात लावला नव्हता असं फळ घेतलं. ड्रॅगन फ्रूट. गुलाबी, खवल्यांचं, आतून पांढरं आणि चवीला काहीच नाही. गाडीवर बसूनच त्यानं ते संपवलं. गुरुवारी त्यानं मॅडमच्या हातापाया पडून एक्केचाळीस पुन्हा वाचायला लावली. मॅडम चिडल्या, पण त्यांनाही चैन नव्हतंच.

कागदावर यादीच्या सगळ्यात खाली ते फळ होतं.

मॅडम स्क्रीनवरून वळून म्हणाल्या, "तू फ्रीझरला हात लावतोस का रे?"

"नाई लावत, मॅडम."

"खरं सांग. मी पोलिसात देईन."

बंडूनं देवाची शपथ घेतली. त्या दुपारी घरी जेवायला बसला तेव्हा त्याला ते पहिल्यांदा ऐकू आलं. तो चावत होता आणि त्याच्या अर्धा क्षण मागे आणखी कोणीतरी चावत होतं. त्यानं तोंड थांबवलं. मागचं चावणं आणखी एक घास चाललं आणि मग थांबलं.

आई ओट्याशी पाठमोरी उभी होती. तिचं तोंड रिकामं होतं.

५

बंडू घाबरला नाही. उलट दहाव्यापासून छातीवर असलेला दगड उतरल्यासारखं त्याला वाटलं. त्यानं आपल्या परीनं हिशेब लावला. तिच्या वाटणीचा घास मी खाल्ला, म्हणून तिची वाट माझ्या तोंडातून जाते. जाऊ दे. बारा दिवस मी तिला उपाशी ठेवलं, आता पोटभर खाऊ घालीन.

तो खायला लागला. बडनेऱ्याला आलूबोंडे, मूर्तिजापूरला मिसळ, घरी पाच भाकरी, आठ भाकरी. पाटोडीचा रस्सा त्यानं आईला आठवड्यात तीनदा करायला लावला. प्रत्येक घासाला तो मनात म्हणायचा, खा ललिते. आणि मागून चावण्याचा आवाज यायचा. सुरुवातीला हळू. मग घाईघाईनं. मग तो घास तोंडात घालायच्या आधीच.

मित्र चेष्टा करायचे की बंड्याच्या पोटात जनावर आहे, खाते अकरा माणसाचं आणि दिसते बाभळीच्या काटीसारखा. खरंच त्याची पँट कमरेवर राहत नव्हती. गाडीला किक मारताना डोळ्यांपुढे अंधारी यायची. जेवून उठला की दहा मिनिटांत पुन्हा भूक लागायची, आणि ती नुसती भूक नव्हती. कोणीतरी रागावल्यासारखी लागायची. एकदा भाकरीला उशीर झाला तर त्याचेच दात त्याच्या जिभेत रुतले, रक्त येईस्तोवर.

ललितानं कधी त्याला चिमटासुद्धा काढला नव्हता. हे त्याच्या मनात आलं, आणि त्यानं ते झटकून टाकलं.

ऑगस्टमध्ये मॅडमनी त्याच्याकडे पाहिलं आणि काही न विचारता त्याचंच रक्त काढलं. पुढच्या खेपेला कागद त्याच्यापुढे ठेवला. त्यावर नंबर होता, तारीख होती आणि खाली कोरं.

"तू काही खातोस की नाही?"

"खाऊन खाऊन मरून राहिलो, मॅडम."

"यात एक दाणा नाही. उपाशी माणसाच्याही रक्तात काहीतरी सापडतं, बंडू. निदान जंतू. तुझ्यात तेही नाहीत. धुऊन काढल्यासारखं आहे."

बंडूनं तो कागदही खिशात घातला. खिशात आता चार कागद झाले होते. बाहेर येऊन त्यानं दोन वडापाव घेतले आणि ते घशाखाली उतरताना कोणाच्या घशाखाली उतरतायत याचा विचार करायचा नाही असं ठरवलं.

६

श्रावणातल्या दुसऱ्या सोमवारी एक्केचाळीसच्या यादीत भगर आली.

मॅडमनी ती वाचून दाखवली तेव्हा बंडू म्हणाला, ही चूक आहे. तो उपास करत नव्हता. भगर त्याला लहानपणापासून आवडत नव्हती. महिन्यात त्यानं तिचा दाणाही तोंडात घातला नव्हता. मॅडमनी बोट पुढे सरकवलं. भगर, शेंगदाणे, राजगिरा.

आईचे सोमवार असायचे.

घरी पोचेपर्यंत त्याला रस्ता दिसला नाही. आई पाटावर बसून शेंगा फोडत होती. तो दारातून तिच्याकडे बघत राहिला. बांगड्या कोपरापर्यंत चढल्या होत्या. गळ्याशी खड्डे पडले होते. हे कधीपासून? तो एवढे दिवस ताटाकडे बघत होता, ताट कोण वाढतंय तिकडे त्याचं लक्षच नव्हतं.

"आई, तू बारीक होऊन राहिली."

"श्रावण आहे. अन् तुह्यासारखा राक्षस पोसाले लागते."

"तुले भूक लागते का लय?"

आईचे हात थांबले. ती जरा ओशाळली. म्हणाली, लागते रे, या वयात कशी काय लागते कोण जाणे. जेवून उठलं की पुन्हा लागते. म्हणून तर तुझ्या ताटात राहिलेलं मी संपवते.

बंडू खाली बसला. त्याच्या ताटातलं उष्टं आई नेहमीच खायची, ललिताचंही खायची. अन्न टाकायचं नाही, एवढंच तिला ठाऊक होतं. आठ भाकरींतली उरलेली अर्धी, रस्स्याचा तळ, त्याच्या दातांनी तोडलेला तुकडा. जी वाट त्यानं स्वतःच्या तोंडातून उघडली होती, ती ताटातून पुढे गेली होती.

"आजपासून माह्यं उष्टं खायचं नाई."

"काहून? विटाळ झाला का तुले माह्या तोंडाचा?"

त्यानं उलट विचारलं, ललिता असती तर तिनं तुझ्या तोंडचा घास काढून घेतला असता का. आई शेंगांची टरफलं गोळा करत म्हणाली, "आपल्या ताटातलं मले वाढणारी पोरगी होती ते. असं अभद्र बोलू नको."

ती बोलत असताना बंडूला चावण्याचा आवाज आला. आईच्या तोंडात काही नव्हतं, त्याच्याही नव्हतं. तो आवाज त्या दोघांच्या मधून येत होता.

७

गुरुवारी तो बर्फाची पेटी न घेताच अकोल्याला गेला. मॅडमना म्हणाला, एक्केचाळीस जाळून टाका. बंडूला वाटलं होतं तेवढा वाद मॅडमनी घातला नाही. दुःखातल्या घरच्यांनी लिहून दिलं तर नळी नष्ट करता येते, म्हणाल्या, आणि त्यांनीच अर्ज खरडला. बंडूनं सही केली. ती सरळ आली नाही.

दुपारचा एक वाजला होता. खिडकीतून लख्ख उजेड येत होता. मॅडमनी जाड हातमोजे घातले आणि फ्रीझर उघडला. पांढरी वाफ पायाशी उतरली. चाळीस नंबरच्या नळीवर बर्फ होता. बेचाळीसवर बर्फ होता. मधली नळी स्वच्छ होती.

मॅडमनी ती उचलली आणि लगेच टेबलावर ठेवली. आपल्या हातमोज्याकडे बघत राहिल्या.

"हिला ऊब आहे," त्या म्हणाल्या.

बंडूनं ती उघड्या हातानं घेतली. तापातल्या माणसाच्या तळव्यासारखी होती. इतक्या वेळा तिच्यातून रक्त काढलं होतं, तरी ती झाकणापर्यंत भरलेली होती. तो बघत असतानाच आतलं रक्त किंचित खाली गेलं. वर आलं. थोडं थांबून पुन्हा खाली गेलं, वर आलं. बंडूनं गुरं पाणी पिताना पाहिली होती. त्यांच्या मानेवर असंच काहीतरी वरखाली होतं.

त्यानं एका हातानं फोन लावला.

"आई, काय करून राहिली?"

"जेवून राहिली. काय झालं?"

"ताटावरून ऊठ."

"आता तं बसली..."

"आई, तुह्या पाया पडतो. तोंडातला घास थुक अन् ऊठ."

पलीकडे ताट सरकल्याचा आवाज आला, मग चूळ भरल्याचा. भरल्या ताटावरून आईला उठवणारा पोरगा पहिल्यांदा पाहिला, असं काहीसं ती म्हणाली. नळीतलं रक्त खालच्या रेघेवर थांबलं. वर आलं नाही. वाट बघत राहिलं.

मग नळी त्याच्या मुठीत हलली. फार नाही. वासराचं डोकं आचळ शोधताना हलतं तेवढीच.

कोपऱ्यात स्टीलची टाकी होती. वापरलेल्या नळ्या त्यात वाफेनं उकळून मारतात. मॅडमनी तिचं दार उघडून दिलं, पिवळी पिशवी त्याच्यापुढे धरली आणि त्या मागे सरकल्या. पिशवीत टाकण्याआधी बंडूनं झाकण फिरवलं. मॅडम नको म्हणाल्या. तोवर त्यानं नळीच्या तोंडावर बोट ठेवलं होतं.

आतून ते ओढलं गेलं. आधी ओठ लागले, मऊ, कोरडे, भेगा पडलेले. बंडूचे डोळे भरून आले. हे ओठ त्याला ठाऊक होते. मग ओठांच्या मागे दात लागले, आणि ते पुष्कळ होते, एका माणसाला असतात त्याहून पुष्कळ. ते बोटात उतरले. त्यानं बोट काढलं नाही. तोंडातल्या तोंडात दहापर्यंत मोजलं, जेवढं तिला घेता येईल तेवढं घेऊ दिलं, आणि म्हणाला, "बस, ललिते. आता बस."

बोट बाहेर आलं तेव्हा पहिल्या पेरापर्यंत पांढरं पडलं होतं. त्यातून रक्त आलं नाही. त्यानं झाकण लावलं, पिशवीला गाठ मारली, ती टाकीत ठेवली आणि मॅडमनी काही सांगायच्या आत बटण दाबलं.

पाणी उकळायला लागलं तसा आतून एक ठोका आला. मग लागोपाठ आले. मग चावण्याचा आवाज आला, मोठा, उतावळा, आणि त्याबरोबर बंडूचा जबडाही हलायला लागला. मॅडम खोलीबाहेर निघून गेल्या. बंडूनं रुमाल दातांत घट्ट धरला आणि टाकीच्या दाराला पाठ लावून खाली बसला. शर्टातून चटका बसत होता. पांढरं बोट त्यानं मागे नेऊन दारावर टेकवलं.

टाकीवरचा दाबाचा काटा पुन्हा शून्यावर येईपर्यंत त्यानं ते तिथून काढलं नाही.